नव्या शस्त्रक्रियेची परीक्षा आधी व्हावी

गर्भाशयमुखाचा कर्करोग लवकर सापडला, तर गर्भाशय काढतात. पूर्वी त्यासाठी पोट उघडावे लागे. मग दुर्बिणीची आणि पुढे रोबोची शस्त्रक्रिया आली. छेद लहान, रक्तस्राव कमी, घरी लवकर सुटी. एवढ्या जोरावर ती देशोदेशी रुळली. कर्करोग उलटण्याचे प्रमाण किती, हे पडताळायचे मात्र राहून गेले.

ह्यूस्टनच्या डॉ. पेद्रो रामिरेझ यांच्या नेतृत्वाखाली ३३ रुग्णालयांनी ते पडताळले. ६३१ स्त्रियांपैकी कोणावर कोणती शस्त्रक्रिया करायची, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले गेले. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आले. साडेचार वर्षांनी पोट उघडलेल्या गटात ९६.५ टक्के स्त्रिया रोगमुक्त होत्या, दुसऱ्या गटात ८६ टक्के. एकूण २२ मृत्यूंपैकी १९ दुर्बीण-रोबो गटातले. धोका दिसताच चाचणीत नव्या रुग्णांना घेणे थांबवले गेले होते. पण चाचणीबाहेर तोवर किती जणींवर हीच शस्त्रक्रिया झाली असेल!

यात कोणाचा हेतू वाईट नव्हता, म्हणूनच प्रश्न अधिक गंभीर आहे. नव्या औषधाला टप्प्याटप्प्याने चाचण्या द्याव्या लागतात. मान्यताप्राप्त उपकरणांनी नवी पद्धत सुरू करणाऱ्या शल्यचिकित्सकाला तशी सक्ती नाही.

रुग्णांवर प्रयोग करणे अनैतिक, असा आक्षेप येतो. न तपासलेली शस्त्रक्रिया हजारोंवर करणे हाही प्रयोगच आहे, फक्त त्याची नोंद कोणी ठेवत नाही. ह्यूस्टनमध्येच गुडघ्याच्या संधिवातावरील दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची चाचणी झाली, तेव्हा काही रुग्णांना केवळ त्वचेवर छेद दिले होते. आपल्यावर खोटी शस्त्रक्रिया होऊ शकते, हे मान्य असल्याचे प्रत्येकाने आधी स्वहस्ते लिहून दिले होते. १८० जण तयार झाले. २००२ मध्ये निष्कर्ष आला: खऱ्या शस्त्रक्रियेचा फायदा खोट्या शस्त्रक्रियेपेक्षा जास्त नव्हता.

असे काम इथेही होऊ शकते. परळच्या टाटा रुग्णालयाने गर्भाशयमुखाच्याच कर्करोगाच्या सहाशेहून अधिक रुग्णांवर चाचणी घेऊन २०१८ मध्ये दाखवले, की केमोथेरपीनंतर शस्त्रक्रिया करण्यापेक्षा केमोथेरपी आणि रेडिएशन एकत्र दिल्यास रोग कमी उलटतो.

त्यामुळे रोबो आल्याची जाहिरात करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने प्रत्येक नव्या शस्त्रक्रियेची नोंद ठेवावी आणि काही वर्षांनंतरचे निकालही जाहीर करावेत. डॉक्टरांनी ती आजवर किती वेळा केली आणि तिचे दूरचे परिणाम ठाऊक आहेत का, हे संमतीपत्रात मराठीत लिहावे. ते वाचायला शस्त्रक्रियेची आदली रात्र पुरत नाही; कागद घरी नेता आला पाहिजे.