विश्लेषण : स्कॉचच्या बाटलीवर पिपाचा क्रमांक, मग काजूच्या दारूवर गावाचे नाव का नको?

मालवण-तारकर्लीला आलेला पर्यटक सुरमई आजची आहे का, कोकम कुठल्या बागेतले आहे, हे आवर्जून विचारतो. ग्लासातली दारू कुठली, या प्रश्नाला मात्र फक्त ब्रँडचे नाव हेच उत्तर मिळते. त्याच वेळी जगभरातले सिंगल माल्टचे शौकीन कुठल्या भट्टीचे, कुठल्या साली गाळलेले, कितव्या पिपातले, हे वाचून बाटली निवडतात. ही सवय लावण्यात ‘स्वतंत्र बॉटलर’ मंडळींचा मोठा वाटा आहे. काजूच्या बोंडूंचा सडा पडणाऱ्या सिंधुदुर्गाने त्यांच्याकडून शिकण्यासारखे बरेच आहे.

स्वतंत्र बॉटलर म्हणजे कोण?

स्वतःची भट्टी नसताना इतरांच्या भट्टीतली व्हिस्की पिपाने विकत घेणारा, ती मुरवणारा आणि स्वतःच्या नावाने बाटलीत भरणारा व्यापारी. अ‍ॅबर्डीनमध्ये १८४२ साली सुरू झालेली कॅडनहेड आणि एल्गिनमध्ये १८९५ साली किराणा दुकान म्हणून सुरू झालेली गॉर्डन अँड मॅकफेल ही त्यातली जुनी नावे. मोठी कंपनी शेकडो पिपे एकत्र करून दर वर्षी तीच चव देते. स्वतंत्र बॉटलर बहुधा एकच पीप निवडतो. त्यातून काहीशे बाटल्या निघतात आणि संपतात. लेबलवर भट्टीचे नाव, गाळल्याचे व भरल्याचे वर्ष, पिपाचा प्रकार, क्रमांक आणि मद्यार्काचे प्रमाण असते. एखाद्या भट्टीने नाव वापरू दिले नाही, तर निदान प्रदेश सांगितला जातो.

त्याची चव कशी घेतात?

घाई न करता आणि थोडीशीच. ट्यूलिपच्या फुलासारख्या निमुळत्या ग्लासात ओतून आधी रंग पाहायचा, मग तोंड किंचित उघडे ठेवून वास घ्यायचा. अशी व्हिस्की अनेकदा पाणी न मिसळता पिपातल्याच तीव्रतेने, ५० ते ६० टक्के मद्यार्कासह भरलेली असते. म्हणून पहिला घोट अगदी छोटा आणि नंतर थेंब थेंब पाणी. २०१७ मध्ये स्वीडनमधील दोन संशोधकांनी संगणकीय प्रारूपातून दाखवले, की पाण्यामुळे मद्यार्काचे प्रमाण उतरले की धुरकट वासाचा ग्वायकॉल हा रेणू द्रवाच्या पृष्ठभागाकडे येतो. बर्फाने मात्र वास दबतो. या रीतीत किती प्यायली यापेक्षा काय ओळखता आले, याला महत्त्व असते.

याचा सिंधुदुर्गाशी संबंध काय?

पोर्तुगिजांनी आणलेला काजू आज दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ले भागाचा आर्थिक कणा आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने विकसित केलेल्या जाती कोकणभर लागल्या आहेत. पण सगळा व्यवहार बीचा. बीच्या कितीतरी पट वजनाचा बोंडू मार्च ते मे या काळात झाडाखाली कुजतो. सीमेलगतचा काही माल गोव्यातील भट्ट्यांकडे जातो. तिथे त्याची दारू होते, आणि तीच चोरून इकडे आली की बांद्याजवळ पकडल्याची बातमी होते. बोंडू जातो कवडीमोलाने, दारू परतते गुन्हा होऊन!

गोव्याने वेगळे काय केले?

बोंडू चिरडून रस काढायचा, तो आंबवायचा आणि भट्टीत गाळायचा. पहिल्या धारेचा सौम्य उर्राक, पुन्हा गाळली की फेणी. ही कृती सीमेच्या दोन्ही बाजूंना ठाऊक आहे. फरक पडला तो कागदावर. २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. २०१६ मध्ये गोव्याने तिला देशी दारूच्या वर्गातून काढून वारसा पेयाचा दर्जा दिला, तर २०२१ मध्ये स्वतंत्र फेणी धोरण आणले. आता ‘फेणी’ हे नाव गोव्याचे आहे. सिंधुदुर्गाच्या दारूला स्वतःचे नाव शोधावे लागेल.

महाराष्ट्राने काय केले?

नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्याने आयात स्कॉचवरील उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणले. २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने काजूबोंडे, मोहाफुले यांच्यापासूनच्या मद्याला देशीऐवजी ‘विदेशी मद्या’च्या वर्गात बसवण्याचा निर्णय घेतला. कोकणातल्या बोंडूची दारू ‘विदेशी’ ठरावी, यातला विनोद सोडला तरी हेतू चांगला होता. पण वर्ग बदलल्याने बाटलीला ओळख मिळत नाही. नाशिकच्या वाइनला २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने करसवलत दिली आणि पुढे भौगोलिक मानांकनही मिळाले. काजूच्या वाट्याला एवढे सातत्य आलेले नाही.

दारूला प्रतिष्ठा कशाला, हा आक्षेप रास्त नाही का?

रास्त आहे. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे कोकणातही आहेत आणि बाटली बंद करण्यासाठी बायका रस्त्यावर उतरल्या आहेत. म्हणूनच गावोगाव भट्ट्यांना मोकळीक द्या, अशी मागणी कोणी करू नये. पण जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक बळी घेतले, ते आठवावे. ती दारू निनावी होती. कोणी बनवली, कुठून आली, कधी तपासली, यातले काहीच पिणाऱ्याला ठाऊक नव्हते. लेबलवर गाव, वर्ष, घाण्याचा क्रमांक आणि तपासणी असेल तर जबाबदार कोण, हेही ठरते. चोरट्या दारूला हेच नको असते.

मग पहिले पाऊल कोणते?

मोठ्या कारखान्याची वाट पाहण्याआधी बॉटलर उभा करणे. शेतकऱ्यांची सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी हे काम करू शकते. परवानाधारक छोट्या भट्ट्यांकडून हंगामात माल घ्यायचा, प्रयोगशाळेत तपासायचा, गावागावांचा माल वेगळा ठेवायचा आणि जिल्ह्यातच बाटलीत भरायचा. सिंगल माल्ट स्कॉच २०१२ पासून स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद करणे बंधनकारक आहे. भेसळ रोखणे आणि मोल घरात ठेवणे, दोन्ही त्यातून साधते. भट्टीवाल्याला जाहिरात करावी लागत नाही आणि बागायतदाराला बोंडूचा भाव मिळतो.

त्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाने छोट्या, हंगामी भट्टीला परवडेल असा परवाना आणि सोपी तपासणी द्यावी. मोठ्या डिस्टिलरीचे शुल्क आणि अटी दोडामार्गच्या बागायतदाराला लावल्या, तर २०२२ चा निर्णय फायलीतच मुरेल. पर्यटकानेही, कायद्याचे वय आणि परवाना सांभाळून, दारूबद्दल सुरमईइतकीच चौकशी करावी. सिंधुदुर्ग १९९७ पासून पर्यटन जिल्हा आहे. इथल्या मासळीला गाव आहे, आंब्याला गाव आहे. बोंडूलाही ते मिळायला हवे.