किल्ली कुंडीखालीच

"आमच्या कॉम्प्युटरात चोरण्यासारखं आहे काय? दोन लग्नांचे फोटो आणि सोसायटीचा जमाखर्च!"

खालच्या मजल्यावरच्या काकांचं हे वाक्य मी कित्येक वर्षं ऐकत आलो आहे. मागच्या महिन्यात "अरे, फार स्लो झालाय, जरा बघतोस का" म्हणून त्यांनी बोलावलं आणि मी डाउनलोड्सचं फोल्डर उघडलं. काकांचं आधार, काकूंचं आधार, दोन्ही पुढून-मागून. पॅन. रद्द केलेला चेक. मुलाच्या व्हिसाच्या वेळी स्कॅन केलेली पासपोर्टची पानं. गावच्या जमिनीचा सातबारा, मुदतठेवींच्या पावत्या. आणि डेस्कटॉपवर, कुलदैवताच्या फोटोच्या बरोबर पायाशी, 'पासवर्ड न्यू' नावाची नोटपॅडची फाइल. 'न्यू' आहे म्हणजे जुनीही असणार. होतीच.

"पण आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो," काका म्हणाले. असतो की. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्माचं साल. या दोन्ही गोष्टी शेजारच्याच फाइलमधल्या पॅन कार्डावर छापलेल्या होत्या. दाराला कुलूप घालून किल्ली कुंडीखाली ठेवायची, आणि कुंडीवर बाण काढून ठेवायचा, असा हा प्रकार.

तेव्हा चोरण्यासारखं काही नाही, हा पूर्वपक्ष इथेच निकालात निघतो. चोराला लग्नाच्या फोटोंशी कर्तव्य नाही. त्याला काका हवे आहेत. म्हणजे त्यांचं नाव, जन्मतारीख, सहीचा नमुना, पॅन. त्यावर सिमकार्ड निघतं, छोटी कर्जं निघतात, दुसऱ्या कुणाला लुबाडायला बँक खातं उघडता येतं. काकांच्या घरातून पै जाणार नाही आणि तरीही सहा महिन्यांनी वसुलीचा फोन त्यांनाच येईल.

दुसरा पूर्वपक्ष जास्त चिवट आहे, कारण तो पावती दाखवतो. "अँटिव्हायरस टाकलाय ना! दरवर्षी रिन्यू करतो." या समजुतीचा दोष मी काकांना देत नाही. दोष 'व्हायरस' या शब्दाचा आहे. या शब्दाने आपल्याला चाळीस वर्षं रोगाच्या भाषेत विचार करायला लावलं. रोग हवेतून येतो, कुणालाही होतो, त्यावर लस असते, लस टोचली की निर्धास्त.

एके काळी हे खरंही होतं. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा आयबीएम पीसीवरचा पहिला व्हायरस मानतात. आपलं सॉफ्टवेअर कोण फुकट नक्कल करतो ते कळावं म्हणून तो लिहिल्याचं ते सांगत, आणि त्यात त्यांनी चक्क स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबर घातला होता! चोर व्हिजिटिंग कार्ड ठेवून जायचा तो काळ. पुढे पुण्यात, कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलास काटकरांनी आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी नव्वदच्या दशकात 'क्विक हील' हा अँटिव्हायरस उभा केला, तो गरजेतूनच. दुरुस्तीला आलेली मशीन व्हायरसने बिघडलेली असत. पेन ड्राइव्ह लावला की 'न्यू फोल्डर' नावाचं भूत प्रत्येक फोल्डरात बसायचं, हे ज्यांना आठवतं त्यांना या औषधाची किंमत कळेल. "हे कंपन्याच व्हायरस सोडतात आणि औषध विकतात" असं म्हणणारे कट्ट्यावर अजून भेटतात. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की या धंद्यात कच्च्या मालाचा तुटवडा कधीच नव्हता.

पण रोगाचा काळ सरला. आज घरच्या संगणकात जे शिरतं, ते पडदा थरथरवत नाही, अक्षरं खाली पाडत नाही, खंडणीची चिठ्ठीही बहुधा ठेवत नाही. ते येतं, ब्राउझरात साठवलेले पासवर्ड आणि कुकीज उचलतं, पाठवून देतं आणि पुष्कळदा स्वतःला पुसून टाकतं. 'लुम्मा' नावाच्या अशाच एका चोरट्या सॉफ्टवेअरचं जाळं मे २०२५ मध्ये मोडण्यात आलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टने सांगितलेला आकडा होता ३,९४,०००. एवढे विंडोज संगणक त्याने गाठले होते, आणि तेही केवळ दोन महिन्यांत. त्यातल्या किती जणांनी "फार स्लो झालाय" एवढंच म्हटलं असेल!

कुकी काय भानगड आहे, ते काकांना सांगताना मला एसटीचा पास आठवला. एकदा लॉगिन केलं की संकेतस्थळ तुमच्या ब्राउझरला एक पास देतं. पुढच्या खेपेला कंडक्टर नाव-गाव विचारत नाही, पास बघतो आणि पुढे सरकतो. हा पास चोराने छापून घेतला, तर त्याला पासवर्ड लागत नाही आणि, हे नीट ऐका, ओटीपीही लागत नाही. "ओटीपी माझ्या फोनवर येतो, मग भीती कसली" हा तिसरा पूर्वपक्ष इथे लंगडा पडतो. बँकेची संकेतस्थळं पाच-दहा मिनिटांत पास रद्द करतात, हे खरं. ईमेल मात्र महिनोन् महिने उघडंच असतं. आणि 'पासवर्ड विसरलात?' या बटणाचं सगळं टपाल येतं कुठे? ईमेलवर. वाड्याच्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या ज्या खुंटीला टांगल्या आहेत ती खोलीच सताड उघडी.

हा चोर शिरतो कसा? बहुतेक वेळा आपण दार उघडतो म्हणून. काकांच्या संगणकावरचं विंडोज आणि ऑफिस दोन्ही 'क्रॅक' केलेलं होतं. ते टाकणारा पोरगा हुशार. त्याने आधी अँटिव्हायरस बंद केला, कारण "तो चालू असला तर ॲक्टिव्हेट होत नाही काका". मग पेन ड्राइव्हवरची कुठलीशी फाइल चालवली आणि अँटिव्हायरस पुन्हा चालू केला. पैसे देऊन ठेवलेल्या वॉचमनला चहा प्यायला पाठवायचं, पाहुण्याला माजघरात बसवायचं, आणि मग वॉचमनला पुन्हा दारावर उभं करायचं. तो बिचारा दाराकडे डोळे लावून उभा आणि पाहुणा आतच.

यावर "सगळेच तसं करतात, विकतचं परवडतं कुणाला" असं उत्तर येतं. परवडत नाही, हे मला मान्य आहे. निवृत्तिवेतनावर घर चालवणाऱ्याने पत्रं लिहायला हजारो रुपयांचं ऑफिस का घ्यावं? घेऊच नये. लिब्रेऑफिस फुकट आहे आणि त्यात मराठी उत्तम चालतं. विंडोजमध्ये डिफेंडर नावाचा पहारेकरी आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून आयताच मिळतो आणि घरगुती कामाला तो पुरतो. ज्या अँटिव्हायरसचं दरवर्षी रिन्यूअल करतो, त्याच्या काही वर्षांच्या पैशात बाहेरची हार्ड डिस्क येते, जिची गरज जास्त आहे. पण ते पुढे.

अपडेटबद्दल मात्र मी माघार घेणार नाही. "अपडेट म्हणजे कटकट, मागच्या वेळी प्रिंटरच बंद पडला." प्रिंटर पडला असेल. पण २०१७ चा हिशेब बघा. विंडोजमधलं एक भगदाड बुजवणारं अपडेट १४ मार्चला आलं. त्याच भगदाडातून 'वॉनाक्राय' हे खंडणीखोर सॉफ्टवेअर जगभर घुसलं १२ मे रोजी. मधले ५९ दिवस ज्यांनी 'नंतर आठवण करा' दाबलं, त्यांच्यात ब्रिटनची सरकारी इस्पितळंही होती. दीड महिन्याने 'नॉटपेट्या' आलं, आणि त्यात मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा बसली तेव्हा आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम अडलं. प्रिंटर दुरुस्त होतो हो. आणि विंडोज १० वापरणाऱ्यांनी तर एक तारीख भिंतीवर लिहावी. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याची नेहमीची डागडुजी थांबली आहे.

आता ज्या पूर्वपक्षाचा मला खरा राग येतो तो. "फसतात ते लोभी नाहीतर मूर्ख." कुणी फसलं की सोसायटीच्या ग्रुपवर हे वाक्य पाचव्या मिनिटाला येतं, वर हात जोडल्याची खूण. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत घुसून दोन दिवसांत ९४ कोटी रुपये काढले गेले. यात कुठल्या आजींनी ओटीपी सांगितला होता? आपण नीट वागलो तरी आपली कागदं दुसऱ्यांच्या हातात असतातच. लॉजवाला आधारची प्रत मागतो, भाडेकरार करणारा मागतो, सोसायटीचा मॅनेजर व्हॉट्सॲपवर मागतो. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या एका कार्यालयाने 'कुणालाही आधारची प्रत देऊ नका, झाकलेल्या आकड्यांचं आधार द्या' असं पत्रक काढलं आणि गैरसमज होईल म्हणून सरकारने ते दोनच दिवसांत मागे घेतलं. सल्ला चांगला होता असं माझं मत आहे. झाकलेलं आधार, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, ते आजही कुणालाही काढता येतं. मागणाऱ्याने नाक मुरडलं तर खुशाल मुरडू द्यावं.

लोभी-मूर्ख म्हणण्याचा तोटा असा की माणूस लाजेने गप्प बसतो, आणि या गुन्ह्यात गप्प बसण्याची किंमत तासागणिक वाढते. ६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार, चूक ना बँकेची ना ग्राहकाची अशा व्यवहारात ग्राहकाने तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर त्याच्यावर एक रुपयाचीही जबाबदारी नाही. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं ओझंही बँकेवर आहे. सायबर फसवणूक कळवायला १९३० हा नंबर आहे. दुसऱ्याची ओळख चोरून वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. पण ज्याला आधी घरच्यांपासून लपवायचं आहे, तो पोलिसांकडे कधी जाणार?

तर मग मंडन काय? माझं म्हणणं एवढंच की रोगाची भाषा सोडा आणि चोरीची भाषा धरा. लस कुठली घेतली हे विचारू नका, किल्ल्या किती आणि कुणाकुणाकडे आहेत ते मोजा. आम्ही एका रविवारी तेच केलं. काकूंनी पोहे केले आणि एक जुनी, निम्मी कोरी डायरी दिली.

पहिली किल्ली ईमेलची. तिला लांब पासवर्ड, चार असंबद्ध मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत, आणि दुहेरी पडताळणी. हा पासवर्ड काकांनी डायरीत लिहिला तेव्हा त्यांच्या भाच्याने, जो आयटीत आहे, कपाळावर हात मारला. "पासवर्ड कधी लिहून ठेवायचा नसतो मामा!" कार्यालयात टेबलावर चिकटवायचा नसतो, बाबा रे. परदेशात बसलेल्या चोराला काकांचं लोखंडी कपाट उघडता येत नाही, 'पासवर्ड न्यू' मात्र उघडता येते. तीच गोष्ट दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदलण्याची. अमेरिकेच्या ज्या मानक संस्थेच्या जुन्या सल्ल्यावरून ही रीत जगभर रुळली, तिनेच २०१७ मध्ये हा आग्रह सोडून दिला. माणसं शेवटचा आकडा एकाने वाढवतात, दुसरं काही करत नाहीत, हे कळायला एवढी वर्षं लागली.

दुसरी किल्ली संगणकाचीच. घरातले सगळे, अगदी सुट्टीत येणारा नातूसुद्धा, एकाच ॲडमिन खात्यातून वावरत होते. म्हणजे नातवाने खेळाची चोरटी आवृत्ती उतरवली, तरी तिला मालकाचे सगळे हक्क. आता रोजच्या वापराला साधी खाती, आणि ॲडमिनचा पासवर्ड डायरीत. मग बाहेरची डिस्क. फोटो आणि कागदपत्रं तिच्यावर उतरवली आणि वायर काढून ती कपाटात ठेवली. "लावलेलीच राहू दे की," काका म्हणाले. लावलेली ठेवली तर खंडणीखोर सॉफ्टवेअर तिलाही कुलूप लावतं. दागिने लॉकरमध्ये ठेवून लॉकरची किल्ली उंबऱ्यावर ठेवत नाही कुणी. क्रॅक केलेलं सगळं काढून विंडोज नव्याने टाकायला दुपार गेली. आधारचे बायोमेट्रिक्स कुलूपबंद केले, सरकारच्या 'संचारसाथी' संकेतस्थळावर काकांच्या नावावर किती सिम आहेत ते पाहिलं (तीन निघाली, तिसरं काकूंच्या माहेरी दिलेलं), आणि वर्षातून एकदा फुकट मिळणारा क्रेडिट रिपोर्ट मागवला.

संध्याकाळपर्यंत डायरीत सतरा नोंदी झाल्या. काकांना आता या कामाची चटक लागली होती. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे व्हॉट्सॲपने पाठवलेलं पॅन त्याच्या मशीनवर अजून असेल का, हे त्यांनी स्वतःहून विचारलं, चपला घातल्या आणि जाऊन डिलीट करून आले. रिसायकल बिनसकट.

परत आल्यावर ते बराच वेळ संगणकाच्या डब्याकडे बघत बसले. "अरे, दोन वर्षांपूर्वी याच्यात ती नवीन डिस्क टाकली ना, एसएसडी? तेव्हा जुनी डिस्क दुकानवाल्याने एक्स्चेंजमध्ये नेली. शंभर-दीडशे रुपये कमी केले होते."

"तिच्यावर काय होतं काका?"

"सगळंच."

त्यांनी दुकानाचा नंबर शोधून लावला. अस्तित्वात नाही म्हणाला. मग डायरी उघडून अठराव्या ओळीवर 'जुनी डिस्क' लिहिलं आणि 'कुणाकडे' या रकान्यापुढे पेन धरून बसले.