घाटाला दोष देण्याआधी घड्याळ वाचायला शिका



नवशिक्यांनी घाटात धावूच नये, त्यांचे घड्याळच धोका दाखवते, हे गेल्या अंकातील लेखाचे मत दिशाभूल करणारे आहे.

लेखक साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटातला वेग सपाट रस्त्यावरच्या वेगाशी ताडून पाहतात. चढावर वेग पडणारच! तिथे श्वास पाहावा. एक पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, तर सरळ चालावे. तीव्र चढ अनुभवी धावपटूही अनेकदा चालतच चढतात.

हृदयाच्या ठोक्यांच्या आकड्यांचा तर लेखात गोंधळच आहे. मनगटावरचे घड्याळ त्वचेत हिरवा प्रकाश सोडून रक्तप्रवाहातील बदलांवरून ठोके मोजते. पट्टा सैल असला, की ते कधीकधी पावलांची लयच ठोके म्हणून दाखवते. मिनिटाला १७० पावले आणि ठोकेही १७० दिसले, तर घाबरण्याआधी पट्टा आवळावा. ठोके मोजणारा छातीवरचा पट्टा अधिक भरवशाचा. कमाल ठोक्यांचे ‘२२० वजा वय’ हे सूत्र सरासरीचे आहे. समवयस्कांतही कमाल ठोक्यांत १०-१२ चा फरक सहज पडतो. ‘व्हीओटू मॅक्स’ (शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता) हा आकडाही घड्याळाने वेग आणि ठोक्यांवरून बांधलेला अंदाजच असतो.

छातीत दुखले वा चक्कर आली, तर थांबून डॉक्टर गाठावा, एवढे मान्य. पण मांड्यांना सर्वाधिक पिळून काढणाऱ्या उताराबद्दल लेखात अवाक्षर नाही. नवशिक्यांनी उतारावर पावले आखूड टाकावीत.

ही दुरुस्ती पुढील अंकात छापावी.

– एक वाचक, सातारा