स्किड मारण्यात काय मोठेपणा?

पाऊस ओसरला की कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज सुरू होतात, 'भंडारदरा, रविवारी, सायकल!' जायलाच हवं. आपल्या जिल्ह्यात माउंटन बाइकसाठी याहून कसदार मुलूख नाही. शेंडीहून निघायचं, धरणाच्या कडेनं रतनवाडी, पुढे साम्रद, घाटघर आणि पांजरे, मुरशेत करत पुन्हा शेंडी. फेरा चाळीसेक किलोमीटरचा. नुसत्या डांबरीवरून फिरलात तरी मांड्या भरून येतात. पण डांबर सोडून गावकऱ्यांच्या पायवाटेला लागलात की खरी परीक्षा. भातखाचराच्या कडेचा चिखल, मग सुटा मुरूम, मग शेवाळलेला कातळ आणि मध्येच ओढा.

अशा वाटेवर पोरं मिरवतात ती स्किड. उतारावर मागचा ब्रेक गच्च दाबायचा, चाक फरफटवायचं आणि कुणीतरी रील काढायची. आमच्या मते स्किड म्हणजे सायकलवरचा ताबा सुटल्याची कबुली. लॉक झालेलं चाक तुमचं ऐकत नाही, नुसतं घसरतं. वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, सरळ वाटेवर, दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबून. पेडल समान पातळीत, वजन मागे, नजर पुढच्या वाटेवर. ओल्या कातळावर पुढचा ब्रेक एकदम दाबलात तर तोंडावर आपटाल.

ब्रेकची ही कटकट या खेळाच्या जन्मापासूनची. 1976 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही तरुण जाड टायरच्या जुन्या सायकलींवर डोंगरउताराची शर्यत लावू लागले. पेडल उलटं दाबून लागणारे ते ब्रेक इतके तापायचे की हबमधलं ग्रीस जळून जायचं, मग ते नव्यानं भरावं लागायचं. म्हणून शर्यतीचं नावच 'रीपॅक' पडलं. वीस वर्षांनी, 1996 मध्ये, हा खेळ अटलांटा ऑलिम्पिकमध्ये पोचला.

स्किड टाळण्याचं दुसरं कारण त्याहून मोठं आहे. घाटघरला नगरचं चेरापुंजी म्हणतात. जिल्ह्याच्या दुष्काळी तालुक्यांत वर्षभर पडत नाही त्याच्या कितीतरी पट पाऊस इथे चार महिन्यांत कोसळतो. तुमच्या चाकानं पाडलेली चर त्या पाण्याला आयती मिळते. ती खोल होत जाते आणि माती वाहून जाते. त्याच वाटेवरून कुणी मावशी डोक्यावर मोळी घेऊन येते, पोरं शाळेला जातात, गुरं पाण्यावर जातात. तुम्ही संध्याकाळी घरी परतता, त्यांना रोज तिथूनच चालायचं असतं. शिवाय 1986 पासून हा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो.

तेव्हा रुळलेली वाट सोडू नका. वन विभागाचे नियम आधी विचारून घ्या. समोरून माणूस किंवा गुरं आली तर थांबा, "मामा, जाऊ का पुढे?" असं विचारा. वाट लिबलिबीत असेल तर डांबरीवर या. हेल्मेट, जादा ट्यूब आणि पंप हवेतच. आणि चाक लॉक केल्याशिवाय उतरताच येणार नाही अशी जागा आली, तर खाली उतरा, सायकल खांद्यावर घ्या. यात कसला आलाय कमीपणा?

पुढच्या रविवारी उतार संपला की एकदा मागे वळून बघा. वाटेवर टायरची नुसती नक्षी उमटली असेल, तर सायकल तुम्हाला जमली!