साधा पाना पुरेल अशी सायकल

बिनगिअरच्या सायकलची चेन ताणायला फार काही लागत नाही. मागच्या चाकाचे दोन्ही नट सैल करायचे, अ‍ॅडजस्टर दोन्हीकडून सारखे आवळत चाक मागे ओढायचे, ते फ्रेमच्या बरोबर मधे आहे ना हे पाहून नट पक्के करायचे. बोटाने चेन वर-खाली केली तर साधारण अर्धा इंच हलावी. दारव्ह्यापासून झरी-जामणीपर्यंत पंक्चरच्या कुठल्याही दुकानात साध्या पान्याने हे काम होते.

आता बाजारात अशाही बिनगिअरच्या सायकली येतात, ज्यांचे मागचे चाक सरकतच नाही. चेन ताणण्यासाठी वेगळा टेन्शनर असतो, नाहीतर क्रँकच्या एक्सलभोवतीचे कवच फिरवावे लागते. काहींना त्यासाठी दोन खुंट्यांचा खास पाना किंवा चांदणीच्या आकाराची की लागते. या रचनेला कारण आहे, हे मान्य. डिस्क ब्रेक असताना चाक सरकवले की ब्रेकची जागा चुकते. पण चेन ताणण्याचा बोल्ट साध्या अ‍ॅलन कीचा ठेवता येतो. न ठेवण्याचे सबळ कारण मला दिसत नाही.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न हौशी सायकलस्वारांपुरता नाही. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलसाठी मदत मिळते. 2022 मध्ये ती साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये झाली. या मुलींच्या वाटेवर काळी माती आहे. पावसाळ्यात ती चेनमध्ये बसते, पिना आणि बुश झिजतात, चेन लांबते. ढिली चेन चढावर जोर लावला की उतरते, फ्रीव्हील आणि फ्रेमच्या मधे अडकते. गावातल्या मिस्त्रीकडे तो खास पाना नसेल, तर पाच मिनिटांच्या कामासाठी सायकल तालुक्याला न्यायची आणि तोवर मुलीने पायी जायचे, किंवा घरी बसायचे. हे मला अजिबात मान्य नाही.

अ‍ॅटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना जून 2020 मध्ये बंद पडला. तरी जुन्या अ‍ॅटलस सायकली गावोगाव चालताहेत, कारण त्यांचे नट, चेन, फ्रीव्हील सगळे सर्वसाधारण मापाचे आहे. कारखाना गेला तरी दुरुस्ती थांबली नाही. खास पान्यावर अडलेल्या सायकलला हे आयुष्य मिळणार नाही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारवाहने ही क्षेत्रे आधी घेतली. सायकल त्यांत नव्हती. ज्या घरात सायकल हेच एकमेव वाहन आहे, त्या घराचा हा हक्क पहिला यायला हवा होता. निदान सरकारी मदतीतून घेतल्या जाणाऱ्या सायकलला तरी साधा पाना चालावा, अशी अट जिल्हा प्रशासनाने सुचवावी.

तोवर पालकांनी एक करावे. रंग आणि बास्केट पाहून झाले की पैसे देण्याआधी दुकानदाराला चेन तुमच्यासमोर सैल करून पुन्हा ताणून दाखवायला सांगा. त्यासाठी खास हत्यार लागत असेल तर ते सायकलसोबत मागून घ्या, बिलावर लिहून घ्या. देत नसेल तर दुसरी सायकल बघा.