मुकेशला आता सोडा, टपरीकडे बघा

इंजिनियरिंगच्या चार वर्षांत आमच्या ग्रुपचा एक ठरलेला विनोद होता. टपरीवर कुणी सिगारेट पेटवली, की दुसरा लगेच थिएटरमधल्या त्या मुकेशच्या जाहिरातीचा आवाज काढायचा. सगळे हसायचे आणि मग तीच सिगारेट तिघांत फिरायची. मीही हसलोय, मीही ओढलीय. मुकेश गुटख्यामुळे झालेल्या कॅन्सरने चोविसाव्या वर्षी गेला, म्हणजे आमच्याहून फार तर दोन-तीन वर्षांनी मोठा. हे आम्हाला तोंडपाठ होतं, तरी उपयोग शून्य.

गेल्या दिवाळीत माझा पंधरा वर्षांचा मावसभाऊ गच्चीत सापडला. क्लासशेजारच्या टपरीवरून एक सुटी सिगारेट आणली होती. मी मोठ्या भावाच्या थाटात लेक्चर सुरू केलं. तो शांतपणे म्हणाला, "दादा, मला सगळं माहितीये. शाळेत व्हिडिओ दाखवतात." मी गप्प बसलो. माहिती त्याच्याकडे होतीच. सिगारेटही होती, आणि ती त्याला कुणीतरी विकली होती.

माझं म्हणणं एवढंच आहे : किशोरवयीन मुलांचं धूम्रपान थांबवण्यासाठी आपण माध्यमांची सगळी ताकद चुकीच्या दिशेला लावतो. कॅमेरा कायम मुलावर. तू ओढू नकोस, तू मरशील, तुझी आई रडेल. आमच्या धंद्यात शंभर युजर तेच चुकीचं बटण दाबत असतील, तर युजरला शिव्या घालून भागत नाही, स्क्रीन बदलावी लागते. इथे मात्र आपण पंधरा वर्षांच्या युजरलाच झापत बसलोय.

उपदेशाने काय होतं, हे अमेरिकेत दिसलं आहे. 1998 साली फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने स्वतःच्या पैशाने मुलांसाठी 'विचार कर, ओढू नकोस' छापाची मोहीम काढली. संशोधकांनी तपासलं तेव्हा आढळलं, की ती पाहिलेल्या मुलांचं मत सिगारेट कंपन्यांबद्दल उलट बरं झालं होतं. त्याच वर्षी फ्लोरिडा राज्याने 'ट्रुथ' ही मोहीम सुरू केली. तिच्या आखणीत मुलंच होती आणि रोख कंपन्यांवर होता : हे लोक तुम्हाला गंडवतायत. दोन वर्षांत तिथल्या मिडल स्कूलमधलं धूम्रपान 18.5 टक्क्यांवरून 11.1 टक्क्यांवर आलं. सगळं श्रेय जाहिरातींना देता येणार नाही. पण पंधराव्या वर्षी माणसाला मरणाची भीती वाटत नाही, आपला कुणी मामा बनवतंय याचा राग मात्र येतो, हे त्या लोकांनी ओळखलं होतं.

आता आपल्याकडचं बघा. सिगारेटच्या पाकिटावर 85 टक्के जागेत इशारा छापायचा नियम 1 एप्रिल 2015 पासून येणार होता. ऐन वेळी एका संसदीय समितीने तो थांबवायला सांगितलं. समितीचे अध्यक्ष होते अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी. तंबाखूने कॅन्सर होतो हे सिद्ध करणारा भारतीय अभ्यास नाही, असं त्यांचं म्हणणं. समितीत एक खासदार स्वतः विडी उद्योगातले होते. त्याच सुमारास सुनीता तोमर या अठ्ठावीस वर्षांच्या बाईने, जी सरकारच्याच तंबाखूविरोधी जाहिरातीचा चेहरा होती, पंतप्रधानांना पत्र लिहून नाराजी कळवली. 1 एप्रिलला, ज्या दिवशी नियम लागू व्हायचा होता त्याच दिवशी, ती टाटा हॉस्पिटलमध्ये गेली. चॅनेलवर, पेपरात, सगळीकडे एकच प्रश्न : विडीवाला खासदार विडीचे नियम ठरवणार? प्रकरण कोर्टातही गेलं, आणि एप्रिल 2016 पासून 85 टक्के इशारा आला.

याला म्हणतात मीडिया ॲडव्होकसी. सुनीताची जाहिरात लोकांना तंबाखू सोडायला सांगत होती. तिचं पत्र सरकारला जाब विचारत होतं.

पण कहाणी इथे संपत नाही. माझ्या मावसभावाने तो इशारा पाहिलाच नाही, कारण पाकीट टपरीवाल्याकडेच राहतं. म्हणूनच महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर 2020 मध्ये सुटी सिगारेट-विडी विकायला बंदी केली. 2003 च्या कोटपा कायद्याने तर शाळा-कॉलेजपासून 100 यार्डांत आणि अठरा वर्षांखालच्यांना विक्री आधीच बंद आहे. दंड? दोनशे रुपयांपर्यंत. आता आपापल्या कॉलेजचं गेट आठवा. कुठली बंदी दिसली?

कुणी म्हणेल, टपरीवाल्याच्या पोटावर का पाय देता? देऊ नये. तो चहा विको, बिस्किटं विको. फोटोत त्याचा चेहरा नकोच. प्रश्न महापालिकेला आहे, पोलिसांना आहे, आणि सिगारेट बनवणाऱ्या आयटीसीचे सुमारे 15 टक्के शेअर एलआयसीकडे का आहेत, हा सरकारलाही आहे. मुलाची काहीच जबाबदारी नाही का? आहे. पण जबाबदारीची रांग लावायची, तर पंधरा वर्षांचा मुलगा पहिल्या नंबरला कसा?

म्हणून तुम्हाला एक काम सांगतो, फोन हातात आहेच. एखाद्या शाळेच्या गेटपासून सिगारेट विकणाऱ्या टपरीपर्यंतचं अंतर मॅपवर मोजा. 91 मीटरच्या आत असेल तर स्क्रीनशॉट घ्या, वॉर्ड ऑफिसला पाठवा, तोच गावातल्या बातमीदाराला पाठवा. पंधरा दिवसांनी 'काय केलंत?' म्हणून पुन्हा विचारा. एक स्क्रीनशॉट तक्रार असते, चाळीस शाळांचे स्क्रीनशॉट बातमी होते.

मी सुरुवात मावसभावाच्या क्लासपासून केली. अंतर सत्तावीस मीटर. मोजायला तोच सोबत होता. घरी येताना म्हणाला, "दादा, आमच्या शाळेचंही मोजू या का?" लेक्चरच्या वेळी त्याने माझ्याकडे बघितलंही नव्हतं.