चिंटूला खजिना कशाला?

मनीषनगरसारख्या वसाहतींतील कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींत अलीकडे एक वाद वारंवार ऐकू येतो. जपानी चित्रकथा, म्हणजे ‘मांगा’, आणि तिच्यावरून निघालेली चलच्चित्रमालिका, म्हणजे ‘ॲनिमे’, ह्या दोहोंत मेळ किती. अमुक प्रसंग का गाळला, तमुक पात्राच्या तोंडी नवे वाक्य का घातले, ह्यावर ही मंडळी हमरीतुमरीवर येतात. वडीलधारे ह्यास पोरकटपणा म्हणतात. आमचे मत अगदी उलट आहे. मूळ कृती हाताशी ठेवून रूपांतरास जाब विचारणे, ह्यासच आम्ही वर्गात टीका म्हणून शिकवितो. फरक इतकाच की, वर्गात मूळ कृती वाचावी म्हणून विनवण्या कराव्या लागतात.

ह्या मुलांच्या तोंडावर एक वाक्य नेहमी फेकले जाते: माध्यम बदलले की कृती बदलणारच. वाक्य खरे आहे, आणि म्हणूनच ते आळशी रूपांतरकारांच्या फार पथ्यावर पडते. माध्यमाने काय बदलावयास भाग पाडले आणि कर्त्याने केवळ सोयीखातर काय बदलले, हा भेदच त्याने बुजून जातो. हिरोमु आराकावा ह्या लेखिकेची ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ ही मांगा २००१ ते २०१० पर्यंत मासिकातून क्रमशः येत होती. २००३ साली तिच्यावरून मालिका निघाली तेव्हा मूळ कथा अपुरी होती. तेव्हा मालिकेने लेखिकेच्या संमतीने आपला शेवट आपणच रचला. २००९ मध्ये दुसरी मालिका निघाली, तिने मात्र मूळ कथेची वाट शेवटपर्यंत धरली. पहिलीस बेइमान ठरविणे अन्यायाचे होय. जो शेवट अद्याप लिहिलाच गेला नव्हता, त्याच्याशी तिने इमान राखावे तरी कसे?

आता आपल्या घरी काय घडले ते पाहू. चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर ह्यांचा ‘चिंटू’ १९९१ मध्ये ‘सकाळ’च्या पानावर अवतरला आणि पुढे त्याच्या पुस्तकांनी घरोघर फळ्या भरल्या. मोजक्या चौकटी, त्यांत आई, पप्पा, शाळा, अभ्यासाचा कंटाळा, पप्पू, मिनी, बगळ्या, शेजारच्या जोशीकाकू. ह्यापलीकडे काही नाही. मूल काहीतरी विचारते, मोठे माणूस निरुत्तर होते, आणि शेवटच्या चौकटीत कोणाचा तरी चेहरा पडतो. चिंटूच्या जगात काही ‘घडत’ नाही, हेच त्या जगाचे मर्म आहे. मध्यमवर्गीय घरातील रिकामी दुपार हा साहित्याचा विषय होऊ शकतो, हे त्या चौकटींनी वर्षानुवर्षे दाखविले.

ह्या चिंटूचा श्रीरंग गोडबोले ह्यांनी २०१२ मध्ये चित्रपट केला व २०१३ मध्ये दुसरा. मराठीत मुलांसाठी चित्रपट काढण्याची हिंमत करणारे विरळा. त्या हिमतीचा आदर आम्हांस आहे. पण केले काय? पहिल्यात मुलांच्या मैदानावर घाला घालणारी दांडगी मंडळी आणली, आणि दुसऱ्याचे तर नावच ‘खजिन्याची चित्तरकथा’! ज्या मुलास गृहपाठाची वही सापडत नाही एवढेच संकट पुरत असे, त्यास खलपुरुष आणि खजिना! चिंटूस मोठे करण्याच्या नादात तो इतर शंभर साहसी बालकांसारखा झाला. नावे तीच राहिली, नाते तुटले.

दोन तासांचा पट भरावयाचा तर कथानक नको काय, असा प्रश्न येईल. पण दोन तासांचाच पट हवा, असा हुकूम कोणी दिला होता? माचिको हासेगावा ह्या जपानी बाईंनी १९४६ मध्ये ‘साझाए-सान’ ही चार चौकटींची मालिका वर्तमानपत्रात सुरू केली व १९७४ पर्यंत चालविली. तिचा विषयही एक साधे कुटुंबच. १९६९ मध्ये तिच्यावरून दूरचित्रवाणीसाठी ॲनिमे निघाले, ते रविवारी सायंकाळी अजूनही चालते. एका भागात तीन छोट्या गोष्टी, प्रत्येकी सुमारे सात मिनिटांच्या. कोणाचे वय वाढत नाही, कोणाला खजिना सापडत नाही. हेही रूपांतर निर्दोष नव्हे. युद्धोत्तर टंचाईच्या दिवसांतील मूळ मालिकेची तिखट धार पडद्यावर बरीच बोथट झाली आहे, आणि त्याबद्दल तक्रार करण्याचा वाचकास पूर्ण अधिकार आहे. परंतु छोट्या चौकटीचे माप त्यांनी ओळखले, आणि त्या मापाचे भांडे शोधले.

आणखी एक गोष्ट येथे बोलून टाकावी. चिंटू ही रेषा आहे. जिवंत नट घेतला की तो वर्षभरात उंच होतो, त्याचा आवाज फुटतो; रेषेचा चिंटू तितकाच राहतो. रेषा हलविण्याची विद्या आपल्याकडे नाही असे नव्हे. पुण्यामुंबईचे कितीतरी तरुण हेच काम करून पोट भरतात. त्यांच्यापैकी कोणास मूळ पुस्तकांतील चारच चौकटी देऊन, एकही वाक्य न वाढविता, दोन मिनिटांचा चिंटू करावयास सांगून पाहावे. आणि जोशीकाकूंच्या दारात तो उभा राहतो, तेथली शांतता मात्र संगीताने भरू देऊ नये.